ट्रान्सफॉर्मरवाल्या सप्लायवरही रेडिओ खरखरतो, तो का?

रेडिओच्या छंदात पडलेल्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो: स्विचिंग ॲडॅप्टर (मोबाइल चार्जरसारखा, आतला ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करून चालणारा) बाजूला ठेवा, लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा जुन्या पद्धतीचा सप्लाय लावा, आवाज स्वच्छ होईल. सल्ला चांगलाच आहे. पण तो पाळूनही पुष्कळदा मीडियम वेव्हवर एक बारीक, कडक खरखर उरते. रेडिओ बॅटरीवर लावला की ती जाते, सप्लाय जोडला की परत हजर. माणूस चक्रावतो, कारण या सप्लायमध्ये आवाज करण्यासारखं काही दिसतच नाही. एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक मोठा कपॅसिटर आणि फार तर एक रेग्युलेटर. ना ऑसिलेटर, ना वेगाने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर.

पण चालू-बंद होणारं काहीतरी आहेच. ते म्हणजे हे चार डायोड. मेन्सच्या प्रत्येक लहरीला ते उघडतात आणि बंद होतात, आणि त्या उघडझापीतून रेडिओला दोन निरनिराळ्या प्रकारे त्रास होतो. या दोन्ही त्रासांना सरसकट डायोड नॉइज म्हटलं जातं, त्यामुळे एकावरचा उपाय दुसऱ्यावर करून पाहिला जातो, काही फरक पडत नाही, आणि मग ‘डायोडवर कपॅसिटर लावून काही होत नाही’ अशी मतं पक्की होतात. दोन्ही दोष वेगवेगळे समजून घेतले तर दुरुस्ती अवघड नाही, आणि महाग तर मुळीच नाही.

करंट सलग वाहतच नाही

ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे हे चार डायोड, मेन्सच्या दोन्ही अर्धलहरी एकाच बाजूला वळवतो, म्हणून फिल्टर कपॅसिटरला (त्या मोठ्या कपॅसिटरला) सेकंदाला १०० वेळा करंट मिळतो. मेन्स ६० हर्ट्झची असेल तर १२० वेळा. मी पुढचे आकडे ५० हर्ट्झ धरून देतो, गणित दोन्हीकडे तेच.

आकृतीकडे पाहून वाटतं की डायोड अख्खी अर्धलहर उघडा राहत असेल. तसं होत नाही. कपॅसिटर आधीपासून भरलेला असतो. सेकंडरीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या वीज बाहेर देणाऱ्या वाइंडिंगचं (गुंडाळीचं), व्होल्टेज त्याच्या वर जाईल तेवढाच वेळ डायोड उघडतो, आणि ते फक्त लहरीच्या माथ्यापाशी घडतं. १० मिलिसेकंदांपैकी साधारण २ मिलिसेकंद धरा. रेडिओ ०.५ अँपिअर सलग ओढत असेल, तर १० मिलिसेकंदांची सगळी गरज त्या २ मिलिसेकंदांत भागवावी लागते. म्हणजे तेवढ्या वेळात सरासरी २.५ अँपिअर, आणि माथ्यावर ४ अँपिअरच्या आसपास. पॉवर सप्लायच्या तारांतून असे करंटचे ठोके जात असतात, आणि आपण मात्र मनात अर्ध्या अँपिअरचा शांत प्रवाह धरून चालतो.

इथेच एक गंमत आहे. हम (मेन्सची खालच्या पट्टीतली एकसुरी गुणगुण) ऐकू येतो म्हणून लोक १००० मायक्रोफॅरडच्या जागी १०००० मायक्रोफॅरड लावतात. हम कमी होतो हे खरं. पण कपॅसिटर मोठा झाला की त्याचं व्होल्टेज दोन ठोक्यांमध्ये कमी उतरतं, डायोड आणखी थोडाच वेळ उघडतो, आणि तेवढाच चार्ज आणखी उंच व अरुंद ठोक्यात कोंबावा लागतो. ठोक्याच्या कडा तीव्र होतात. हम गेला आणि खरखर वाढली, असा अनुभव यातूनच येतो. कपॅसिटर गरजेपुरता ठेवावा आणि उरलेलं काम रेग्युलेटरकडे द्यावं, हे माझं मत.

पहिला दोष: बंद होताना बसणारा झटका

सिलिकॉनच्या पीएन डायोडमधून करंट वाहत असताना त्याच्या जंक्शनच्या दोन्ही बाजूंना विद्युतभार वाहक साठून राहतात. बाहेरचं व्होल्टेज उलटं झालं तरी हा साठा रिकामा होईपर्यंत डायोड बंद होऊ शकत नाही. तेवढा वेळ तो उलट्या दिशेनेही करंट जाऊ देतो. याला रिव्हर्स रिकव्हरी म्हणतात. १एन४००७ सारख्या साध्या डायोडला यासाठी काही मायक्रोसेकंद लागतात. तो मुळात मेन्सच्या संथ वारंवारतेसाठी बनवलेला आहे, त्यामुळे त्याच्या बऱ्याच डेटाशीटमध्ये या वेळेची हमीसुद्धा दिलेली नसते.

सेकंदाला ५० लहरींच्या कामात दोन-चार मायक्रोसेकंदांनी काय बिघडणार? बिघडतं ते अगदी शेवटी. साठा संपताक्षणी उलटा करंट एकदम तुटतो, आणि तो ज्या वाटेने वाहत होता त्या वाटेत ट्रान्सफॉर्मरचा लीकेज इंडक्टन्स (दोन वाइंडिंगना सामायिक नसलेल्या, निसटत्या चुंबकीय क्षेत्राचा इंडक्टन्स) बसलेला असतो. जोरात वाहणारा नळ एका झटक्यात बंद केला की भिंतीतला पाइप धडधडतो, कारण चालत्या पाण्याचा जोर कुठेतरी जिरावा लागतो. इथेही तसंच. अडकलेली ऊर्जा एका बाजूला लीकेज इंडक्टन्स आणि दुसऱ्या बाजूला डायोडच्या जंक्शनचा, वाइंडिंगचा, तारांचा मिळून जो काही कपॅसिटन्स असेल तो, या दोहोंमध्ये हेलकावत राहते आणि हळूहळू विरते. हेच रिंगिंग.

आकडे घालून पाहू, म्हणजे यात अतिशयोक्ती नाही हे कळेल. ४ अँपिअरचा माथा आणि तिथून साधारण १ मिलिसेकंदात शून्यावर येणारा करंट, म्हणजे दर मायक्रोसेकंदाला ४ मिलिअँपिअरचा उतार. डायोड बंद व्हायला ५ मायक्रोसेकंद लागले, तर तोवर उलटा करंट २० मिलिअँपिअरपर्यंत पोचलेला असतो. लीकेज इंडक्टन्स १०० मायक्रोहेन्री आणि भोवतालचा कपॅसिटन्स २०० पिकोफॅरड धरला, तर या जोडीची स्वतःची वारंवारता येते सुमारे १.१ मेगाहर्ट्झ, म्हणजे मीडियम वेव्हच्या ऐन मध्यावर. आणि इंडक्टन्सला कपॅसिटन्सने भागून वर्गमूळ काढलं तर या जोडीचा स्वभावसिद्ध इंपिडन्स येतो सुमारे ७०० ओहम. २० मिलिअँपिअर गुणिले ७०० ओहम म्हणजे १४ व्होल्ट. प्रत्यक्षात वाइंडिंगचा रेझिस्टन्स आणि लोखंडातला ऱ्हास यांमुळे यातलं बरंचसं खाल्लं जातं, शिवाय प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचे आकडे वेगळे असतात. तरीही एक-दोन व्होल्टचं रिंगिंग सेकंदाला १०० वेळा होतंय असं समजा, आणि त्याच्या शेजारी हे ठेवा की लघुलहरींवर सिग्नल मीटरची सुई एस-९ या जोरदार सिग्नलच्या खुणेवर नेणारा दणदणीत सिग्नलसुद्धा ५० ओहमच्या अँटेना टोकावर ५० मायक्रोव्होल्टचा असतो.

एएम रेडिओला हे इतकं का बोचतं? एएमची माहिती लहरीच्या उंचीत असते आणि रिंगिंगची प्रत्येक उसळी म्हणजे उंचीतलाच बदल. डिटेक्टरला, म्हणजे लहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाला, दोन्हींत फरक करता येत नाही. एफएममध्ये लिमिटर उंचीतले बदल छाटून टाकतो, म्हणून तोच सप्लाय एफएमवर गप्प वाटतो.

‘पण माझ्या सप्लायमध्ये ७८१२ (१२ व्होल्टचा रेग्युलेटर) आहे, तो हे सगळं अडवेल ना?’ हा प्रश्न येतोच. ७८१२ मेन्सच्या रिपलला (डीसीवर उरलेल्या चढउताराला) सुमारे ७० डेसिबलने दाबतो, म्हणजे ३००० पटींनी. मात्र ही कामगिरी १०० हर्ट्झच्या आसपासची आहे. वारंवारता वाढली की ती घसरत जाते, आणि मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेग्युलेटरच्या आतला ॲम्प्लिफायर एवढ्या वेगाने धावूच शकत नाही. मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचंही तेच. त्याच्या आतल्या गुंडाळीचा आणि पायांचा मिळून २० नॅनोहेन्री इंडक्टन्स धरला, तर १ मेगाहर्ट्झला तो ०.१३ ओहम आणि १० मेगाहर्ट्झला १.३ ओहम होतो. मायक्रोफॅरड कितीही वाढवा, हा आकडा कमी होत नाही. शिवाय खरी मेख अशी की पुष्कळशी खरखर डीसी तारेने रेडिओत शिरतच नाही. ती सेकंडरी, ब्रिज आणि कपॅसिटर यांच्या तारांच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र होऊन बाहेर पडते आणि फेराइट रॉडच्या अँटेनात थेट जाऊन बसते. किंवा ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगमधल्या कपॅसिटन्समधून मेन्सच्या तारेवर चढते, आणि ती लांबलचक तार तिच्यासाठी अँटेना बनते. या दोन्ही वाटांवर रेग्युलेटर कुठे आडवा येतच नाही.

दुसरा दोष: स्टेशन लागलं की येणारा हम

हा प्रकार जास्त चकवणारा. दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेत रेडिओ शांत असतो. जवळचं, जोरदार स्टेशन लावलं की त्या स्टेशनच्या आवाजाखाली हम सुरू होतो. स्टेशन बदललं की हम गायब. याला मॉड्युलेशन हम म्हणतात. यात डायोड स्वतः काहीच निर्माण करत नसतो. तो स्टेशनच्याच सिग्नलला हम चिकटवून देतो.

ते असं घडतं. घरातली मेन्सची वायरिंग म्हणजे एक भलीमोठी अँटेना. जोरदार स्टेशनचा सिग्नल तिच्यावर येतो, तिथून ट्रान्सफॉर्मरमधल्या कपॅसिटन्समधून सेकंडरीवर आणि तिथून डायोडमधून रेडिओच्या ग्राउंडवर. आता डायोड उघडा असेल तेव्हा या रेडिओ लहरीला वाट मोकळी असते, बंद असेल तेव्हा जवळजवळ नसते. वाट सेकंदाला १०० वेळा उघडते आणि मिटते. त्यामुळे या वाटेने पोचणारा सिग्नल १०० हर्ट्झने कापला जातो, अँटेनाने घेतलेल्या मूळ सिग्नलमध्ये मिसळतो, आणि डिटेक्टरला दिसतं ते १०० हर्ट्झचं मॉड्युलेशन असलेलं स्टेशन. एकदा मिसळल्यावर ते पुढे कुठल्याच फिल्टरने वेगळं करता येत नाही, कारण स्टेशन आणि हम आता एकाच वारंवारतेवर आहेत.

डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर बनवणाऱ्यांना याचा सगळ्यात वाईट अवतार भेटतो. त्या रिसीव्हरचा ऑसिलेटर ज्या वारंवारतेवर ऐकायचं तिथेच चालतो. त्यातली थोडी शक्ती सप्लायच्या तारेने बाहेर गळते, डायोडपाशी १०० हर्ट्झने कापली जाते, मेन्सच्या तारेवरून पसरते आणि अँटेनातून परत आत येते. बाहेरचं स्टेशन असायचीही गरज नाही, रिसीव्हर स्वतःचाच हम ऐकत बसतो. अशा रिसीव्हरच्या सप्लायमध्ये फिल्टर कपॅसिटर वाढवत राहणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

आधी कान लावा

उपायांकडे धावण्याआधी कोणता दोष आहे ते ठरवून घ्या. मऊ, गोल, खालच्या पट्टीतला आवाज आणि तो स्टेशन असो-नसो, अगदी व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी येतो: तो साधा रिपल किंवा ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्राचा ऑडिओ भागावरचा परिणाम, डायोडचा इथे संबंध नाही. टोकदार, कडक खरखर, व्हॉल्यूमबरोबर वाढणारी, मोकळ्या जागेतही ऐकू येणारी आणि डायल फिरवताना एखाद्या भागात जास्त फुगणारी: रिंगिंग. फक्त स्टेशनवर येणारा: मॉड्युलेशन हम.

नंतर रेडिओ बॅटरीवर चालवा आणि सप्लाय प्लगमधून काढून ठेवा. तरीही खरखर येत असेल तर तुमचा सप्लाय निर्दोष आहे. चोर दुसरीकडे आहे, बहुधा घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या ॲडॅप्टरमध्ये किंवा एलईडी दिव्यात. शांत झालं तर पुढची चाचणी करा, आणि ती बहुतेकांकडून राहून जाते: रेडिओ बॅटरीवरच राहू द्या, सप्लाय प्लगमध्ये लावा, पण त्याला रेडिओऐवजी १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडा. बल्ब हवाच, कारण लोड नसेल तर करंटचे ठोके जवळजवळ नसतात आणि सप्लाय खोटा साळसूदपणा दाखवतो. आता रेडिओत खरखर आली तर ती हवेतून किंवा मेन्सच्या तारेने येते आहे. रेडिओ हातात घेऊन सप्लायपासून एक-दोन मीटर लांब न्या. झपाट्याने कमी झाली तर ते जवळचं चुंबकीय क्षेत्र. लांब नेऊनही फारशी हलली नाही तर मेन्सची तार.

तिसरी पायरी: बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओच्या ग्राउंडला सप्लायची फक्त ऋण तार जोडा, बल्ब तसाच, धन तार रेडिओला नको. एका तारेतून रेडिओला वीज मिळत नाही, तरी स्टेशनवर हम उमटला तर मॉड्युलेशन हमची वाट तुम्ही पकडली.

हुंगायला एखादा छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ पुरतो. मीडियम वेव्हच्या खालच्या टोकाला स्टेशन नसलेल्या जागी तो लावून ठेवायचा आणि सप्लायभोवती फिरवायचा. फेराइट रॉडची दिशा बदलली की आवाज वर-खाली होतो, आणि ट्रान्सफॉर्मर व ब्रिजच्या मधल्या तारा नेमक्या कुठे ओरडतात ते सापडतं. रेडिओ हातात धरून हे करताना उघड्या मेन्स टर्मिनलवर आधी झाकण हवं, हे वेगळं सांगायला नकोच.

रिंगिंग मारायचं ते रेझिस्टरने

रिंगिंगची ऊर्जा कुठेतरी जाळावी लागते, आणि ते काम रेझिस्टरच करू शकतो. नुसता कपॅसिटर लावला तर हेलकाव्याची वारंवारता खाली येते, पण हेलकावे थांबत नाहीत, उलट कधी जास्त वेळ टिकतात. मघाच्याच उदाहरणात सेकंडरीवर १० नॅनोफॅरड लावले तर १.१ मेगाहर्ट्झचं रिंगिंग १६० किलोहर्ट्झच्या आसपास येतं. मीडियम वेव्हवाला खूश होईल, लाँग वेव्हवाला नाही, आणि त्याचे वरचे पडसाद तसेही उरतातच.

म्हणून त्या १० नॅनोफॅरडच्या समांतर आणखी एक फांदी लावायची: १५० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये एक रेझिस्टर. याला स्नबर म्हणतात. १५० नॅनोफॅरड इतका मोठा की रिंगिंगच्या वारंवारतेला तो जवळजवळ तारेसारखा, त्यामुळे रेझिस्टर थेट हेलकाव्याच्या आडवा येतो. ५० हर्ट्झला मात्र त्याचा अडसर २१ किलोओहम, म्हणजे १२ व्होल्टच्या सेकंडरीवर अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपासच करंट जातो आणि रेझिस्टर गरमही होत नाही. पाव वॅटचा पुरतो.

रेझिस्टर किती ओहमचा? इथे अंदाजाने लावायचं नाही. ट्रान्सफॉर्मर मेन्सपासून पूर्ण सोडवा. प्रायमरीची (मेन्सकडच्या वाइंडिंगची) दोन टोकं एकमेकांना जोडा, आणि सेकंडरीवर एलसीआर मीटर (इंडक्टन्स मोजणारा मीटर) लावा. प्रायमरी शॉर्ट असल्यामुळे मीटरला मुख्य इंडक्टन्स दिसत नाही, दिसतो तो लीकेज इंडक्टन्स. समजा आकडा आला १०० मायक्रोहेन्री. भागिले १० नॅनोफॅरड, त्याचं वर्गमूळ, म्हणजे १०० ओहम. त्याच्या निम्मे, ५० ओहम लावले तर रिंगिंग एकही हेलकावा न घेता मरतं. १०० ओहम लावले तर एखादा छोटा हेलकावा दिसेल आणि संपेल. या दोहोंमधलं काहीही चालतं. बाजारातला ६८ ओहमचा घ्या आणि पुढे चला. मोजून झाल्यावर प्रायमरीवरचा शॉर्ट आठवणीने काढा.

मीटर नसेल तर रेझिस्टरच्या जागी ५०० ओहमचा प्रीसेट (फिरवून ओहम बदलता येणारा छोटा रेझिस्टर) बसवा आणि ऑसिलोस्कोपवर पाहत फिरवा. एक सावधगिरी: ब्रिज असलेल्या सप्लायमध्ये सेकंडरीचं कुठलंही टोक ग्राउंडवर नसतं. सप्लायची ऋण बाजू अर्थला जोडलेली असताना स्कोपची ग्राउंड क्लिप सेकंडरीला लावलीत तर ब्रिजमधला एक डायोड शॉर्ट होतो, मग सेकंडरी थेट दुसऱ्या डायोडवर पडते आणि तो बिचारा जातो. त्यामुळे दोन प्रोब दोन टोकांना लावून स्कोपवर वजाबाकी घ्या. स्कोपही नसेल तर मघाचा ट्रान्झिस्टर रेडिओ जवळ ठेवून प्रीसेट फिरवा. खरखर सगळ्यात कमी होईल तिथे थांबा, प्रीसेट काढून मोजा, आणि जवळच्या ओहमचा रेझिस्टर सोल्डर करा.

मॉड्युलेशन हमला कपॅसिटरच लागतो

इथे उलट. रेडिओ लहरीची वाट उघडते-मिटते हा रोग असेल, तर वाट कायमची उघडी ठेवायची. प्रत्येक डायोडवर समांतर १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला की १ मेगाहर्ट्झला तो फक्त १६ ओहमचा असतो. डायोड उघडा असो वा बंद, रेडिओ लहर बाजूने निघून जाते. तिला १०० हर्ट्झने कापणारं कुणी उरत नाही. १०० हर्ट्झला तोच कपॅसिटर १६० किलोओहमचा, म्हणून रेक्टिफायरच्या कामात त्याची लुडबुड नाही. चारही डायोडवर लावायचे आणि चारही सारखे.

आणि आता मला या सगळ्यात आवडणारी गोष्ट. चार डायोडवरचे हे चार कपॅसिटर सेकंडरीच्या बाजूने पाहिले तर किती दिसतात? मोठ्या फिल्टर कपॅसिटरमुळे ब्रिजची धन आणि ऋण बाजू रिंगिंगच्या दृष्टीने एकच बिंदू असतात. सेकंडरीच्या प्रत्येक टोकापासून त्या बिंदूकडे दोन कपॅसिटर समांतर, म्हणजे २० नॅनोफॅरड. आणि दोन टोकांचे असे दोन गट सिरीजमध्ये, म्हणजे परत १० नॅनोफॅरड. स्नबरच्या गणितात सेकंडरीवर जो १० नॅनोफॅरड हवा होता तोच हा. तेव्हा वेगळा लावायचं कारण नाही. डायोडवर चार कपॅसिटर, सेकंडरीवर १५० नॅनोफॅरड आणि रेझिस्टरची एक फांदी, एवढ्या सहा सुट्या भागांत दोन्ही दोष निकालात निघतात. ‘डायोडवर कपॅसिटर लावून काही होत नाही’ म्हणणाऱ्याने बहुधा ही सहावी गोष्ट, रेझिस्टर, लावलेलीच नसते.

१२ व्होल्टच्या सप्लायला १०० व्होल्टचे सिरॅमिक किंवा फिल्म कपॅसिटर पुरतात. व्हॉल्व्ह रेडिओच्या २५०-०-२५० व्होल्टच्या वाइंडिंगवर मात्र बंद डायोडवर ७०० व्होल्टच्या वर येतात, तिथे डायोडवरचे कपॅसिटर १.६ ते २ किलोव्होल्टचेच हवेत.

डायोड बदलून भागेल का?

थोडंफार भागतं. शॉटकी डायोडमध्ये तो साठाच होत नाही, म्हणून रिव्हर्स रिकव्हरीचा झटका नाही. वर व्होल्टेजही कमी खातो. पण शॉटकीचा जंक्शन कपॅसिटन्स मोठा असतो आणि लीकेज इंडक्टन्स तर जागच्या जागी आहे, त्यामुळे थोडं रिंगिंग त्यालाही सुटलेलं नाही, आणि मॉड्युलेशन हमला तर काहीच फरक पडत नाही. शॉटकीही उघडतो-मिटतोच. व्होल्टेजकडे मात्र नीट लक्ष द्या. १एन५८१९ आणि १एन५८२२ हे ४० व्होल्टचे. १२ व्होल्टच्या सेकंडरीवर ब्रिजमध्ये ते चालतात, कारण उलटं व्होल्टेज १७ च्या आसपास, हलक्या लोडला २० धरा. १२-०-१२ च्या सेंटर टॅपवर दोनच डायोड असतील तर त्याच्या दुप्पट येतं, आणि मेन्स जरा चढली की ४० ची हद्द गाठली जाते. तिथे १०० व्होल्टचे घ्या.

यूएफ४००७ सारखे अल्ट्राफास्ट ७५ नॅनोसेकंदांत बंद होतात. उलटा करंट वाढायला वेळच मिळत नाही, म्हणून झटका लहान. तरी नुसता वेग पाहून डायोड निवडू नये. लवकर बंद होणं एक आणि हळुवार बंद होणं दुसरं. शेवटच्या क्षणी करंट सावकाश उतरू देणारे सॉफ्ट रिकव्हरी डायोड वेगळे मिळतात. माझ्या हातात १एन४००७ आणि स्नबरचे सुटे भाग असतील तर महागड्या डायोडच्या मागे मी जाणार नाही.

व्हॉल्व्ह रेक्टिफायरची आठवण काढणाऱ्यांचं बरोबर आहे. ५वाय३ किंवा ईझेड८० मध्ये निर्वातातून इलेक्ट्रॉन जातात, साठा वगैरे काही नाही. त्यांच्या जागी सिलिकॉन डायोड घुसवले की जुना सेट खरखरायला लागतो आणि वर एचटी (व्हॉल्व्हना लागणारं उच्च) व्होल्टेज वाढतं ते निराळंच. पण सगळेच व्हॉल्व्ह सोवळे नव्हते. ८३ नंबरचा पाऱ्याच्या वाफेचा रेक्टिफायर दर अर्धलहरीला आत वायू पेटल्यासारखा झटक्याने सुरू व्हायचा आणि त्याची खरखर इतकी की त्याला शील्डमध्ये कोंडून प्लेटच्या तारांत आरएफ चोक (रेडिओ लहरी अडवणाऱ्या गुंडाळ्या) घालावे लागायचे.

तारा कशा नेता यावरही बरंच अवलंबून आहे. सेकंडरीच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन ब्रिजपर्यंत न्या, ब्रिज ते कपॅसिटर अंतर शक्य तितकं कमी ठेवा. ४ अँपिअरचे ठोके फक्त या छोट्या वेटोळ्यात फिरले पाहिजेत. रेडिओकडे जाणारी ग्राउंड तार ब्रिजच्या ऋण टोकापासून काढू नका, कपॅसिटरच्या ऋण पायापासून काढा. नाहीतर ठोक्यांचं व्होल्टेज त्या मधल्या दोन इंच तारेवर पडतं आणि थेट रेडिओच्या ग्राउंडमध्ये मिसळतं. ब्रिज आणि कपॅसिटरच्या मध्ये अर्धा-एक ओहमचा जाड रेझिस्टर घालता आला तर ठोके बसके आणि रुंद होतात. थोडं व्होल्टेज जातं, मात्र रेग्युलेटरच्या आधी सहसा ते शिल्लक असतंच.

मेन्सच्या बाजूला काम करायचं तर

एवढं करून हम उरला तर तो बहुधा मेन्सच्या तारेवरचा सामायिक सिग्नल, म्हणजे दोन्ही तारांवर एकाच दिशेने जाणारा. डीसीच्या दोन्ही तारा एकत्र धरून फेराइटच्या कड्यातून आठ-दहा वेढे घ्या. मीडियम वेव्हला आणि लघुलहरींच्या खालच्या भागाला ३१ नंबरच्या फेराइट मिश्रणाचं कडं बरं, वरच्या पट्ट्यांना ४३ नंबरचं. एका वेढ्यावर थांबू नका, इंपिडन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. नवा ट्रान्सफॉर्मर घेणार असाल तर प्रायमरी आणि सेकंडरी बॉबिनच्या वेगवेगळ्या कप्प्यांत गुंडाळलेला घ्या. टोरॉइड (गोल कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) दिसायला देखणा आणि ऑडिओवाल्यांचा लाडका. मात्र त्यात वाइंडिंग एकावर एक असल्यामुळे मधला कपॅसिटन्स जास्त, आणि रेडिओ लहर त्यातून आरामात पलीकडे जाते.

मेन्सच्या दोन तारांमध्ये कपॅसिटर लावायचा असेल तर तो एक्स२ वर्गाचाच हवा, आणि तारेपासून अर्थ किंवा चासीकडे लावायचा असेल तर वाय वर्गाचाच. हे वर्ग अशासाठी आहेत की एक्स फुटला तर आग लागू नये आणि वाय फुटला तर चासीला हात लावणारा माणूस मरू नये. ‘६३० व्होल्टचा आहे, चालेल’ हे इथे चालत नाही. जुन्या व्हॉल्व्ह सेटमध्ये मॉड्युलेशन हमसाठीच मेन्सपासून चासीला एक कागदी कपॅसिटर लावलेला सापडतो. त्या काळातले हे कपॅसिटर आज जवळजवळ सगळे गळके झालेले आहेत आणि त्यातून चासीवर मेन्स उतरते. सेट वाजत असला, मीटरवर त्याचा कपॅसिटन्स ठीक दिसत असला तरी प्लगमध्ये पिन घालण्याआधी तो काढा आणि तेवढ्याच कपॅसिटन्सचा वाय२ बसवा.